काळ्या रानातली एक किलोमीटर पाणंद

गंगथडीच्या, म्हणजे गोदाकाठच्या, भारी रानात पाणंद म्हणजे बऱ्याचदा रस्ता उरलेलाच नसतो. बैलगाडीच्या चाकांनी ती पिढ्यानपिढ्या खोल गेलेली असते, दोन्हीकडचे धुरे (बांध) दर नांगरटीला थोडे थोडे आत सरकलेले असतात आणि वरच्या रानांचं पाणी उताराला लागून तिच्यातूनच वाहतं. महसूलच्या नकाशात ती गाडवाट असते, पावसाळ्यात ओढा. आम्ही गोदाकाठच्या एका गावात अशा एक किलोमीटरचं काम हाती घेतलं, तेव्हा गावाची मागणी एकच होती, "साहेब, मुरूम टाका." मुरूम याआधीही पडला होता. एका जागी खड्डा घेतला, तर दीड हातावर जुन्या मुरमाचा थर निघाला, काळ्या चिखलात पार मिसळून गेलेला. पाणी तिथंच राहिलं, तर नव्या मुरमाचंही तेच होणार हे त्या खड्ड्यानंच सांगितलं.

सुरुवात कागदापासून. तलाठ्याकडचा गाव नकाशा काढला. नकाशात तुटक दुहेरी रेष असेल तर गाडीमार्ग, त्याची रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट. तुटक एकेरी रेष असेल तर पायमार्ग, सव्वाआठ फूट. नकाशावरच्या रस्त्यात कुणी अडथळा केला असेल तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ चं कलम ५(२) लागतं, आणि अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांत अर्ज करावा लागतो. नकाशात रस्ताच नसेल, तर जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खाली बांधावरून रस्ता मागायचा. दोन्ही अर्ज तहसीलदारांकडेच जातात, म्हणून लोक कलमांची गल्लत करतात आणि चुकीच्या कलमाखाली वर्ष घालवतात. २०२५ च्या मे महिन्यातल्या शासन निर्णयानं शेतरस्त्याची रुंदी शक्यतो तीन ते चार मीटर ठेवायला आणि रस्त्याची नोंद सातबाऱ्याच्या इतर हक्कांत घ्यायला सांगितलं आहे. ही नोंद काम सुरू व्हायच्या आत करून घ्यावी. जमीन विकली गेली की नवा मालक पहिला प्रश्न विचारतो, "रस्ता कशात आहे?"

मोजणीच्या खुणा धरून दोन्ही बाजूंना चुना टाकला. रुंदी भरली जेमतेम साडेसोळा फूट, म्हणजे पाच मीटर. इथं पुस्तकातला रस्ता आणि रानातला रस्ता वेगळे पडतात. काळ्या मातीत रस्त्याचा माथा आजूबाजूच्या रानापेक्षा निदान ६० सेंटिमीटर उंच, भरावाचे उतार एकास दोन आणि दोन्ही बाजूंना चारी असं सगळं धरलं तर नऊ-दहा मीटर जागा लागते. ती कुणीही देत नाही. आम्ही हिशेब उलटा केला. माथा तीन मीटर, उंची मुरमासह ३० सेंटिमीटर, उतार एकास दीड, यात ३.९ मीटर गेले. उरलेल्या १.१ मीटरमध्ये एकच चारी, वरच्या अंगाला, जिकडून पाणी येतं तिकडं. चारीची खोली रानाच्या पातळीखाली ४५ सेंटिमीटर, तळ ४० सेंटिमीटर. म्हणजे रस्त्याच्या माथ्यापासून चारीचा तळ पाऊण मीटर खाली राहतो. एवढं अंतर ठेवलं तर मुरमाखालची माती पाण्यात बसत नाही. दोन्हीकडं उथळ चाऱ्या काढण्यापेक्षा एकीकडं खोल चारी केव्हाही चांगली.

अशा कामाची पाहणी उन्हाळ्यात करून भागत नाही. एप्रिलमध्ये सगळी पाणंद सारखीच धुळकट दिसते. जुलैत मोठा पाऊस पडून गेल्यावर दुसऱ्या दिवशी चालत जावं. पाणी कुठल्या धुऱ्यावरून उतरतं, कुठं तुंबतं, कुठं पाणंद ओलांडून खालच्या रानात शिरतं हे तेव्हाच कळतं. त्या जागांवर खुंट्या ठोकून ठेवल्या. पुढं ऑटो लेव्हलनं (पातळी मोजायच्या दुर्बिणीनं) दर २० मीटरला पातळ्या घेतल्या त्यावेळी या खुंट्यांच्या पातळ्याही घेतल्या. लेव्हल मिळत नसेल तर पाण्याची नळी चालते. गवंडी रोज तीच वापरतात.

पातळ्यांवरून चारीचा उतार ठरवला. दर १०० मीटरला अर्धा मीटर हा मधला बरा उतार. त्यापेक्षा फार कमी असला तर गाळ बसतो, आणि दर ५० मीटरला एक मीटरच्या पुढं गेला तर काळी माती कापत जाते. तशा चढाच्या तुकड्यात दर १५-२० मीटरला चारीत आडवी दगडी ओळ बसवली. दगड चारीच्या काठांत हातभर आत घुसवावे लागतात. नुसते तळावर मांडले तर पाणी बाजूनं वाट काढतं आणि रस्त्याची कड खातं.

चारी खोदणं सोपं असतं, तिचं पाणी सोडणं अवघड. प्रत्येक जण म्हणतो, माझ्या रानात नको. कायद्यानं भांडायचं ठरवलं तर हंगाम निघून जातो. आम्ही चारी सलग ओढ्यापर्यंत नेली आणि मध्ये जिथं नैसर्गिक लवण, म्हणजे खोलगट भाग, होतं तिथंच रस्त्याखालून पाणी काढलं. लवण कुठलं यावर वाद होत नाही, कारण जुलैतल्या खुंट्या सगळ्यांनी पाहिलेल्या असतात. एका शेतकऱ्यानं चारीचं पाणी शेततळ्यात घेतलं. त्याला पाणी मिळालं आणि आमची चारी हलकी झाली. तळं भरल्यावर जादा पाणी कुठून जाणार हे मात्र आधी ठरवून घ्यावं लागतं.

आता अंदाजपत्रकात हमखास राहून जाणाऱ्या दोन गोष्टी. पहिली, रानात उतरायच्या जागा. प्रत्येकाला ट्रॅक्टर रानात घालायचा असतो. चारीवर नळी टाकून उतार करून दिला नाही, तर तो पेरणीच्या आधी दोन ट्रॉल्या माती चारीत लोटतो आणि त्याच्या वरची सगळी चारी तुंबते. त्याला दोष देता येत नाही. चारी ज्या बाजूला आहे, तिकडच्या प्रत्येक शेतकऱ्यासाठी ३०० मिलिमीटरचा, जमलं तर ४५० चा सिमेंट पाईप, दोन नग सलग म्हणजे पाच मीटर, हे अंदाजपत्रकातच धरावं. दोन शेजारी तयार असतील तर धुऱ्यावर एकच उतार दोघांना पुरतो.

दुसरी गोष्ट, विहिरीवरून आणि कालव्यावरून गेलेल्या पाइपलाइन. ६३ पासून ११० मिलिमीटरपर्यंतचे पीव्हीसी पाईप हात-दीड हात खोल पाणंद ओलांडून गेलेले असतात. कागदावर त्यांची नोंद नसते. जेसीबीनं एक फोडला की काम थांबतं आणि भांडण सुरू होतं. आम्ही खोदाईच्या आधी प्रत्येकाकडून जागा दाखवून घेतली, चुन्यानं खूण केली आणि मुरूम पडायच्या आत प्रत्येक ओलांडणीवर १६० मिलिमीटरचा मोठा पाईप आवरण म्हणून टाकला. पुढं कुणाची लाइन फुटली तर आतला पाईप ओढून काढता येतो, रस्ता खोदावा लागत नाही. ज्यांची लाइन अजून गेलेली नाही त्यांच्यासाठीही एक-दोन आवरणं रिकामी ठेवली, टोकं बुच मारून. मोटारीची केबल वेगळ्या आवरणात, पाण्याच्या पाइपात नाही.

मधला ओढा हा या कामातला खरा अवघड भाग. त्याच्यावर मोरी, म्हणजे नळ्यांचा छोटा पूल, बांधायची होती. वरचं पाणलोट ४० हेक्टर. एवढ्या लहान पाणलोटाला सरळ सूत्र पुरतं: पाणलोट हेक्टरमध्ये, पावसाची तीव्रता ताशी मिलिमीटरमध्ये, वाहून येणाऱ्या पाण्याचा अंश, यांचा गुणाकार करून ३६० नं भागायचं. तीव्रता ६० धरली आणि अंश ०.५, उत्तर आलं सेकंदाला सुमारे ३.३ घनमीटर. अंशाच्या बाबतीत काळ्या रानात फसगत होते. जूनचा पहिला पाऊस भेगांत जिरतो, ओढ्याला पाणीही येत नाही, आणि बघणारा म्हणतो, एक नळी बास. सप्टेंबरात माती फुगून भेगा बुजलेल्या असतात, तेव्हा त्याच पावसाचं निम्मं पाणी वाहून येतं. मोरी सप्टेंबरची धरायची.

९०० मिलिमीटरच्या एका नळीतून, पाण्याचा वेग सेकंदाला दोन मीटर धरला, तर सव्वा घनमीटर जातं. तीन ओळींतून पावणेचार. १२०० च्या दोन ओळींतून साडेचार घनमीटर गेलं असतं, पण ओढ्याची खोली दीडच मीटर होती. १२०० च्या नळीची बाहेरची उंची १.४४ मीटर, वर ६० सेंटिमीटर भराव, म्हणजे रस्ता काठाच्या अर्धा मीटर वर गेला असता आणि दोन्हीकडं लांब चढ करावे लागले असते. म्हणून ९०० च्या तीन ओळी, प्रत्येक ओळीत अडीच मीटरचे तीन पाईप. ६०० ची नळी स्वस्त पडते, पण तिच्यात सोयाबीनचा भुसा, पऱ्हाटी आणि उसाचं पाचट अडकतं. एकदा तोंड बंद झालं की ती नळी असून नसल्यासारखी.

पाईप उतरवून घेताना भिंतीची जाडी टेपनं मोजावी. रस्त्याखाली एनपी-३ या जाड भिंतीच्या वर्गाचा सिमेंट पाईप लागतो. ९०० मिलिमीटर व्यासाला त्याची भिंत १०० मिलिमीटर असते. एनपी-२ ची भिंत त्याच व्यासाला ५५ मिलिमीटर, म्हणजे निम्म्याच्या आसपास. लांबून दोन्ही सारखेच दिसतात. एनपी-३ चा एक पाईप दोन टनांच्या आसपास भरतो. ट्रॅक्टरला दोर बांधून तो सहज ओढला जात असेल तर शंका घ्यावी. उसाची भरलेली ट्रॉली एनपी-२ वरून गेली की पाईप माथ्यावर लांबीच्या दिशेनं चिरतो.

नळी काळ्या मातीवर सरळ ठेवू नये. आम्ही ओढ्याच्या तळाची काळी माती ४५ सेंटिमीटर काढली, तिथं मुरूम दाबून भरला, त्यावर १५ सेंटिमीटर काँक्रीटचा थर आणि मग नळ्या. उतार दर मीटरला एक सेंटिमीटर. दोन ओळींत ५५ सेंटिमीटर मोकळी जागा, कारण त्या फटीत माणसाला उभं राहून धुम्मस (भराव ठोकून दाबायचं अवजार) मारता आला पाहिजे. नाहीतर नळीच्या पोटाखाली पोकळी राहते. सांध्यावर कॉलर बसवून आतली फट एकास दोन सिमेंट-वाळूच्या मालानं भरली. सांधा उघडा राहिला, तर वरचा भराव कणाकणानं नळीत गळतो आणि दुसऱ्या पावसाळ्यात रस्त्याच्या मध्येच भोक पडतं. लोक म्हणतात, "पाईप फुटला." उकरून पाहिलं तर पाईप धड असतो, सांधा गेलेला असतो.

मोरी वाहून जाते ती बहुतेक वेळा खालच्या अंगानं. नळीतून जोरात सुटलेलं पाणी ओढ्याचा तळ खरवडतं, खड्डा मागं सरकत येतो आणि तोंडाची भिंत खालून उघडी पडते. म्हणून खालच्या अंगाला दगडी फरसबंदी आणि तिच्या टोकाला दोन मीटर खोल आडवी भिंत. वरच्या अंगाला दीड मीटर पुरली. गुत्तेदार ही भिंत वाचवायला बघतो, कारण काम झाल्यावर ती दिसत नाही. खड्डा उघडा असतानाच मोजून मोजमाप पुस्तिकेत लिहावी आणि फोटोत टेप दिसावा.

२०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यावर जो पाऊस कोसळला, तसं पाणी शेतरस्त्याच्या कुठल्याच मोरीत मावत नाही. मोरी बुडणार हे धरूनच बांधलेली बरी. आम्ही नळ्यांपासून आठ-दहा मीटर बाजूला रस्ता २० सेंटिमीटर खाली ठेवला आणि तो तुकडा काँक्रीटचा केला. जादा पाणी तिथून वरून जातं आणि नळ्यांवरचा भराव वाचतो. काहींनी सुचवलं की मोरीलाच बर्गे (अडवायच्या फळ्या) लावून पाणी अडवू. पूल-कम-बंधारा ही चांगली रचना आहे, पण तिचा पाया, पंख-भिंती आणि काठ त्या हिशेबानंच बांधावे लागतात. साध्या नळकांडी मोरीत फळ्या अडकवून पाणी साठवलं आणि पहिल्या पुराआधी त्या निघाल्या नाहीत, तर पाणी काठाला वळसा घालून रस्ताच घेऊन जातं.

काँक्रीटचं काम एप्रिल-मेमध्ये आलं की पाणी मारण्याची पंचाईत. चाळीसच्या वर ऊन आणि विहिरी तळाला गेलेल्या. ओतकाम संध्याकाळी केलं, बारदाना पसरून त्यावर सकाळ-संध्याकाळ पाणी, सलग १४ दिवस.

आता माती. रब्बी निघाल्याशिवाय धुरे मोकळे होत नाहीत, म्हणून काम मार्च ते मे यातच बसतं, आणि नेमकी तेव्हा काळी माती सर्वांत वाईट अवस्थेत असते: वर ढेकळं, खाली दोन-तीन बोटं रुंद भेगा. भेगांवर मुरूम पसरला तर बराचसा खाली जातो आणि भेगा बुजताना माती त्याला गिळते. आम्ही वरची १५ सेंटिमीटर माती नांगरून घेतली, ढेकळं रोटाव्हेटरनं फोडली, पाणी मारून रात्रभर मुरू दिलं आणि सकाळी दाबली. ट्रॅक्टरचा रोटाव्हेटर या कामाला झकास चालतो. मातीत तीन-चार टक्के चुना मिसळला तर फुगणं बरंच कमी होतं. मात्र एक किलोमीटरच्या थराला पंचवीस-तीस टन चुना आणि तो नीट कालवणारं यंत्र लागतं. ते जमत नसेल तर अर्धवट चुना टाकण्यात पैसे घालवू नयेत. जिथं पाणंद आजूबाजूच्या रानापेक्षा खोल होती तिथं मऊ मुरूम भरून आधी पातळी वर आणली. तळ्यातला गाळ आणून भरा असा आग्रह होतो. गाळ रानासाठी सोनं आहे, रस्त्याखाली नाही.

मुरमाचा हिशेब: तीन मीटर रुंद, २० सेंटिमीटर दाबलेला, एक किलोमीटर म्हणजे ६०० घनमीटर. सैल मुरूम दाबल्यावर बसतो, म्हणून तीस टक्के जादा, ७८० घनमीटर. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, २.८३ घनमीटर; म्हणजे सुमारे २७५ ब्रास. ट्रॉलीचा हौद आतून १० फूट लांब, ५ फूट रुंद, २ फूट खोल भरला तरच एक ब्रास. कमी उंचीचा हौद असला की ट्रॉल्यांचा आकडा बरोबर येतो आणि रस्ता पातळ होतो. पैसे ट्रॉलीवर मोजूच नयेत. कामाआधीच्या पातळ्या आणि कामानंतरच्या पातळ्या यांतल्या फरकावर मोजावेत, आणि खात्रीला दर १०० मीटरला फूटभर चौकोनी खड्डा घेऊन थर पाहावा.

बालाघाटावर, पाटोदा-आष्टीकडं, मुरूम पायाखाली असतो. गंगथडीत तो लांबून आणावा लागतो आणि खर्चाचा मोठा वाटा वाहतुकीत जातो. म्हणून खदान निवडताना जवळच्या मऊ मुरमाचा मोह होतो. साधी पारख अशी: चार-पाच ढेकळं बादलीत रात्रभर भिजत घालावीत. सकाळी चिखल झाला तर तो मुरूम फक्त खालच्या भरावाला घ्यावा. खडे तसेच राहिले आणि पाणी थोडं गढूळ झालं तर वरच्या थराला चांगला. अगदी स्वच्छ, नुसते खडे असतील तर तेही नको, उन्हाळ्यात ते चाकाखालून उडतात. थोडी चिकट माती लागतेच. गौण खनिजाचा परवाना आणि वाहतूक पास गाडी हलायच्या आधी हातात हवा.

मुरूम दहा-दहा सेंटिमीटरच्या दोन थरांत दाबला, आठ-दहा टनांच्या व्हायब्रेटर रोलरनं, कडेकडून मध्याकडं. पाणी किती? दाबलेल्या मुरमाचं वजन साडेअकराशे टनांच्या आसपास. ओल चार टक्क्यांवरून दहावर न्यायची तर ६८ टन पाणी, म्हणजे पाच हजार लिटरचे १४ टँकर, आणि उन्हात उडून जाणारं धरून १८ ते २०. हा आकडा अंदाजपत्रकात नसतो म्हणून दबाई कोरडी होते. कोरडा दाबलेला मुरूम वरून कडक दिसतो. पहिल्या पावसात टाच मारली तर आत जाते.

माथ्याला बाक हवा: मध्य कडांपेक्षा सहा सेंटिमीटर वर, म्हणजे चार टक्के उतार. जेसीबीवाल्याला सपाट आवडतं, सपाट दिसतंही छान. आम्ही सुताराकडून तीन मीटरची बाकदार फळी करून घेतली आणि दर १० मीटरला ठेवून पाहिली. मुरमाची कड चारीच्या बाजूला उघडी ठेवली; कडेला मातीचा बांध राहिला तर रस्त्यावरचं पाणी बाहेर पडत नाही.

२०२१ च्या नोव्हेंबरात मातोश्री ग्रामसमृद्धी शेत व पाणंद रस्ते योजना आली, तिच्यात रोजगार हमीची (रोहयो) जोड असल्यानं अकुशल आणि कुशल खर्चाचं ६०:४० प्रमाण पाळावं लागायचं. मुरूम, खडी, रोलर सगळे कुशलमध्ये. त्यामुळे पाणंदीचं काम एकटं न बघता, मजुरी जास्त असलेली वृक्षलागवड, विहीर अशी कामं गावाच्या आराखड्यात सोबत धरली तरच हिशेब बसायचा. ज्या गावांनी हे आधी ओळखलं त्यांची कामं मार्गी लागली.

 

पूर्ण झालेला रस्ता पहिला पावसाळाभर नुसता बसू द्यावा, उसाचे दहा टायरी ट्रक घालू नयेत. नोव्हेंबरात कारखाने सुरू होतात तोवर मुरूम बसलेला असतो. मग चाकोऱ्या पडल्या असतील तिथं नवा मुरूम टाकून पुन्हा दाबावं आणि त्यावर खडीचा थर घ्यावा. त्यासाठी सुरुवातीलाच १५-२० ब्रास मुरूम गावाच्या टोकाला साठवून ठेवला होता, कारण चार ब्रासांसाठी खदानीचा परवाना पुन्हा कुणी काढत बसत नाही. दरवर्षी मेअखेरीस चारी आणि नळ्यांची तोंडं साफ करायची आणि पहिल्या मोठ्या पावसानंतर मोरीच्या खालच्या अंगाला उतरून फरसबंदीखाली काठी घालून पाहायची. काठी आत गेली तर त्याच आठवड्यात दगड भरायचे.